पूजेचा मंडप रात्री दहालाच बंद करावा का?

पहिला मजला:
विक्रोळीतील आमच्या वसाहतीत दर माघात सार्वजनिक श्रीसत्यनारायणाची महापूजा असते. दुपारी पूजा, संध्याकाळी हळदीकुंकू, मग मुलांचे नाच आणि शेवटी ऑर्केस्ट्रा, हा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. यंदा रात्री पाऊण वाजता खिडकीतून पाहिले, तेव्हा देवापुढची समई विझली होती आणि स्टेजमागे आठ-दहा तरुण प्लास्टिकच्या खुर्च्या उलट्या करून त्यांवर ठेका धरत होते. कामावरून शेवटच्या लोकलने परतणारी शेजारची मुलगी मंडपातून जाताना त्यांतल्या एकाने माइकवरून तिच्या कपड्यांवर शेरा मारला, आणि तो चारही इमारतींनी ऐकला. सकाळी जिन्याच्या पायथ्याशी बाटलीच्या काचा पडलेल्या होत्या. कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून की काय, त्यांवर प्रसादाचे रिकामे द्रोण पालथे घातलेले होते.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू देत नाहीत. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, पण ते दिवस मोठ्या सणांसाठी राखले जातात. गल्लीतल्या पूजेची त्यांत गणना होत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच की दहाच्या ठोक्याला मंडपाची वीज बंद व्हावी.

माजी खजिनदार:
आपला संताप रास्त आहे, उपाय मात्र उलटा आहे असे मला वाटते. मी अकरा वर्षे मंडळाचे हिशेब सांभाळले. एके वर्षी आम्ही खरोखरच दहाला सगळे आटोपले. बायका-मुले वर गेली, म्हातारी मंडळी झोपली आणि खाली उरले ते हॅलोजनचा उजेड आणि ती पोरे. त्या रात्री झाली तेवढी हाणामारी मी नंतर कधी पाहिली नाही. समोरच्या रांगेत आजी, मामा, शेजारच्या काकू बसलेल्या असतात तोवर कोणाची शिवी तोंडाबाहेर पडत नाही. वर्गणी ऑनलाइन पाठवून दार लावून घेणाऱ्यांनी एक तास खाली येऊन बसावे, निम्मा दंगा आपोआप थांबेल.

रात्रपाळी:
मी पहाटे पाचला कामावर निघते. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री दुसऱ्यांच्या मुलांवर नजर ठेवण्यासाठी खुर्चीत बसायचे, हा कुठला न्याय? निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. काकू समोर बसल्या म्हणून आवाज ४५ वर येत नाही.

चाकरमानी:
माझे गाव सिंधुदुर्गात आहे. जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. माइकच्या वेळेवरून हल्ली तिथेही कुरबुर होते, पण गोधडी पांघरून बसलेल्या बायकांच्या आणि पखवाजाच्या आसपास मी कधी गोंधळ पाहिला नाही. गोंधळ होतो तो मैदानाच्या कडेला, जिथे जुगाराचा पट आणि बाटल्या असतात. तिथे धिंगाणा घालणारे बरेचसे आमच्यासारखेच, मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेले असतात, हे लिहिताना मला लाज वाटते. त्यामुळे खजिनदारांचे म्हणणे मला निम्मेच पटते. माणसे बसलेली असली तरी अंधाऱ्या कडेला कोणीच नसते.

पहिला मजला:
तीच कडा माझ्या मनात आहे. आवाजाचा नियम आवाजापुरता आहे, हे मी मान्य करतो. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालण्याविरुद्ध दारूबंदी अधिनियमाचे कलम ८५ आहे, परंतु स्वतःच्याच जिन्यावरच्या पोरावर तक्रार कोण करणार? पोलिसांची परवानगी मंडळाच्या लेटरहेडवर काढली जाते. मग मंडपाला कुलूप लागेपर्यंत थांबणाऱ्या तीन पदाधिकाऱ्यांची नावे फलकावर लिहायला हरकत काय आहे? खजिनदारसाहेब, आपल्या काळात असे का झाले नाही?

माजी खजिनदार:
विचारलेच आहे तर सांगतो. वर्गणीतून पूजा, प्रसाद आणि मंडप एवढेच भागते. ऑर्केस्ट्राचे पैसे ज्याचा फोटो प्रवेशद्वारावर लागतो तो देतो, आणि स्टेजमागे बसणारी पोरे बहुतेक त्याचीच कार्यकर्ती असतात. दहाला माइक बंद करा असे त्यांना सांगायला मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा माझ्या स्कूटरची सीट फाडलेली होती. त्यानंतर मी खजिनदारपद सोडले.

रात्रपाळी:
म्हणजे आपण आम्हाला ज्या खुर्चीत बसायला सांगता, तिथून आपण स्वतः उठून गेलात.

माजी खजिनदार:
होय, उठलो. म्हणूनच एकट्याने बसू नका असे सांगतो आहे. आणि फलकावर नावांपेक्षा आधी ऑर्केस्ट्राचाच खर्च काढून टाका, पोरांना जमायला निमित्त उरणार नाही. हा ठराव वार्षिक सभेत मांडा, पण हिशेब वाचण्याच्या आधी मांडा. हिशेब संपला की वडापाव येतो आणि सभा उठते.