मदत हवी आहे: मामांच्या फोक्सवॅगन कॅम्परचे मूळ सुटे भाग, कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होते. आज गरज पडली म्हणून पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळं लिहिते.

माझ्या मामांकडे फोक्सवॅगनची टाइप 2 व्हॅन आहे, आत राहायची सोय केलेली, म्हणजे कॅम्पर. मागे इंजिन, पाण्याऐवजी हवेवर थंड होणारं. आत बाक उलगडला की पलंग होतो, एका बाजूला छोटं सिंक आणि शेगडीची जागा, आणि वरचं छप्पर उचललं की आणखी दोघांची झोपायची सोय. 1983 साली मामांनी ती गोव्यात लिलावात घेतली. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातली तरुण मंडळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत रस्त्याने भारतात यायची. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता तुटला. आमची गाडी त्याच वाटेने आलेली, असं मामांना तेव्हा सांगण्यात आलं होतं.

मामांनी चाळीस वर्षं उद्यमनगरात, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम केलं. इंजिन त्यांनी स्वतः दोनदा उघडलंय. 1996 पासून गाडी कागलच्या पुढे उसाच्या रानातल्या शेडमध्ये उभी होती. गेल्या वर्षी ती आम्ही ओढून घरी आणली. इंजिन सुरू झालं, ब्रेकचं काम झालं, बॅटरीच्या ट्रेखालचा कुजलेला पत्रा बदलला. यांत्रिक बाजूची मला काळजी नाही. त्यासाठी मामा आहेत.

अडलंय ते बाकीच्या सामानावर. मागचे दोन्ही टेल लॅम्प मूळचे नाहीत. कुणीतरी कधीतरी पत्रा कापून, वेल्डिंग मारून तिथे अँबेसेडरचे दिवे बसवलेत. कागदावर गाडी 1972 ची आहे म्हणून मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 1972 चे उभे, मोठे टेल लॅम्प मागवले. ते बसतच नाहीत. शिवाय 'ओरिजिनल' म्हणून आलेल्या त्या काचांवर कुठल्याच कंपनीची खूण नाही. साडेनऊ हजार गेले, पैसे परत मिळाले नाहीत. चारपैकी दोन व्हील कॅप नाहीत. छपराचं कापड उंदरांनी खाल्लंय, एका बाजूची स्प्रिंग तुटलीय. आतल्या घडीच्या टेबलाचा पाय भिंतीला ज्या खाचेत अडकतो ती पट्टी गायब आहे. सिंकवरचा छोटा हातपंपही नाही. मी हे सगळं 'वेस्टफालिया' या कॅम्पर बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने शोधतेय, कारण जर्मन कॅम्पर म्हटलं की तेच नाव पुढे येतं. पण फोटोंशी काही केल्या जुळत नाही.

आता खरी विनंती. वस्तू विकतच द्या असं माझं म्हणणं नाही. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फौंड्रीत नमुना टेबलावर ठेवला तर काय वाटेल ते करून मिळतं. मामांचं वाक्यच आहे, "नमुना आण, बाकीचं माझ्यावर सोड." तेव्हा कुणाकडे अशी गाडी असेल, तर एखादा भाग दोन दिवसांसाठी द्याल का? अनामत ठेवेन, स्वतः येऊन घेऊन जाईन आणि स्वतः आणून देईन.

घाई दोन कारणांनी आहे. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना आता 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. मागचा तो कापलेला पत्रा मला म्हणूनच खुपतो. दुसरं कारण म्हणजे मामा आता 78 वर्षांचे आहेत. छप्पर उचलून, पन्हाळ्यावर एक रात्र त्या गाडीत झोपायचं, एवढंच ते मागतायत.

प्रतिसाद, पुण्याहून

ताई, आधी कागद बाजूला ठेवा आणि चासी नंबर बघा. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात, तिसरा आकडा मॉडेलचं वर्ष. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष आदल्या ऑगस्टपासून सुरू व्हायचं. म्हणजे ऑगस्ट 1970 ते जुलै 1971 मध्ये बनलेल्या गाडीचा तिसरा आकडा 1. ती विकली गेली किंवा नोंदली गेली 1972 मध्ये, की कागदावर 1972 लागतं. पुष्कळजण इथेच फसतात.

दुसरी खूण मागच्या खांबांवर आहे, जिथून इंजिनाला हवा जाते. त्या झरोक्यांचा आकार चंद्रकोरीसारखा असेल तर 1971 किंवा आधीची, चौकोनी असेल तर 1972 किंवा नंतरची. उभे मोठे टेल लॅम्प 1972 च्या मॉडेलपासून आले. त्याआधीचे छोटे, लंबगोल.

धागाकर्ती

आत्ताच टॉर्च घेऊन बघून आले. नंबर 231 ने सुरू होतो. झरोके चंद्रकोरीसारखे! म्हणजे गाडी 1971 ची, आणि मी चुकीच्या वर्षाचे दिवे घेऊन बसले होते. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी कागदावर इतकी वर्षं विश्वास ठेवला."

प्रतिसाद, पुण्याहून

मग व्हील कॅपचंही ऐका. 1971 च्या मॉडेलला पुढे डिस्क ब्रेक आले आणि चाकांचे बोल्ट बदलले. आधी पाच बोल्ट 205 मिलिमीटरच्या वर्तुळात होते, मग 112 च्या. त्याबरोबर कॅपही फुगीरच्या चपट्या झाल्या. तुमच्याकडच्या दोन कॅप चपट्या आहेत का? असतील तर त्याच मूळच्या, जोडी तशीच शोधा.

लंबगोल दिव्याची काच घेताना 'हेला' हे कंपनीचं नाव काचेतच उठावात आहे का ते बघा. सोबत वर्तुळात ई आणि 1 हवा, ती जर्मनीच्या मंजुरीची खूण. युरोपच्या गाडीला इंडिकेटरचा भाग नारिंगी असतो. संपूर्ण लाल काच आली तर ती अमेरिकेच्या गाडीची, घेऊ नका.

प्रतिसाद, सांगलीहून

मुंबईत चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर आणि कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत स्वतः जाऊन बघा. फोनवर सगळे 'आहे, आहे' म्हणतात. जुना भाग सोबत घेऊन जा, नसेल तर पुठ्ठ्यावर मापाचा आकार कापून न्या. भोकांचं अंतर जुळलं तरच पैसे काढा. दिवे गाडीला बसवण्याआधी तो अँबेसेडरवाला पत्रा चांगल्या डेंटरकडून काढून घ्या. दिवा आल्याशिवाय नवीन पत्र्याला भोक पाडू देऊ नका.

प्रतिसाद, ब्रिटनमधून

इकडे नोकरीला असतो, मूळ गाव गडहिंग्लज. दोन प्रश्न. स्टिअरिंग कुठल्या बाजूला? आणि छप्पर उचललं की ते कुठल्या अंगाला उघडतं?

धागाकर्ती

स्टिअरिंग उजवीकडे, सरकता दरवाजा डावीकडे. छप्पर पुढे-मागे उघडत नाही, एका कुशीवर उघडतं, पेटीचं झाकण उघडावं तसं. कापडाचे तुकडे राहिलेत, लाल-पांढरे पट्टे आहेत.

प्रतिसाद, ब्रिटनमधून

मग तुमची गाडी वेस्टफालिया नाही. मोकळी गाडी जर्मनीहून यायची आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळे कारखाने आतलं सामान बसवायचे. कुशीवर उघडणारं, पट्ट्यांच्या कापडाचं छप्पर म्हणजे डॉर्मोबाइल, फोकस्टन गावच्या मार्टिन वॉल्टर कंपनीचं काम. फोकस्टन इंग्लिश खाडीच्या काठावर आहे. सरकता दरवाजा डावीकडे, म्हणजे इंग्लंडच्या फुटपाथच्या बाजूला, हेही त्याला धरूनच. डॉर्मोबाइल नावाने शोधा, टेबलाची पट्टी आणि स्प्रिंग दोन्ही फोटोंशी जुळतील. पट्ट्यांचं कापड इकडे नव्याने शिवूनही मिळतं.

भागांचे नंबर शोधताना, डाव्या-उजव्या स्टिअरिंगप्रमाणे जे भाग बदलतात त्यांत 211 ने सुरू होणारे डाव्याचे, 214 उजव्याचे. डॅशबोर्ड, वायपर, पेडल यांत याने फार फरक पडतो. दिव्यांना, काचांना पडत नाही.

प्रतिसाद, मुंबईहून

आयातीचं काम करतो म्हणून सांगतो. वापरलेल्या वस्तूंची आयात परकीय व्यापार धोरणात निर्बंधित आहे, परवाना लागतो. परदेशातून कुणी जुनी स्प्रिंग कुरिअरने पाठवली तर ती कस्टममध्ये अडकू शकते. नवं शिवलेलं कापड, नवी काच यांचा प्रश्न वेगळा, त्यावर शुल्क भरून माल सुटतो. म्हणून जुन्या भागांसाठी तुमचा नमुन्याचा मार्गच बरा. इंजिनाची काळजी करू नका. ब्राझीलमध्ये हीच गाडी 2013 पर्यंत बनत होती, त्यातलं हवेवर थंड होणारं इंजिन 2005 पर्यंत, 1600 सीसीचे बरेच भाग अजून नवे मिळतात.

धागाकर्ती

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय.

या धाग्यावरूनच बेळगावच्या एका गृहस्थांनी निरोप पाठवला. त्यांच्याकडे डॉर्मोबाइलचं नुसतं छप्पर आहे, गाडी केव्हाच भंगारात गेली. शनिवारी मामांना घेऊन गेले. मामांनी स्प्रिंग हातात घेतली, व्हर्नियर लावलं, तारेची जाडी, वेटोळी, मोकळी लांबी, दाबल्यावरची लांबी असं सगळं वहीत उतरवलं. परत येताना निपाणीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "बिजागरीची पिन पण झिजलीय आपली. ती मी स्वतः करणार." स्प्रिंग आता उद्यमनगरात वळायला दिलीय. त्या काकांनी अनामत घ्यायला नकार दिला.

कापड ब्रिटनहून येतंय, शुल्कासकट खर्च धरलाय. व्हील कॅप चपट्याच निघाल्या. एक सांगलीत मिळाली, एक अजून हवी. अँबेसेडरचा पत्रा काढला, त्याखाली मूळ भोकाची अर्धी कड अजून शाबूत आहे. डेंटर म्हणाला, एवढ्यावरून मी जागा काढतो.

आता राहिलं ते तीन गोष्टींचं. 1971 चे लंबगोल टेल लॅम्प, हेलाचे, नारिंगी-लाल, दोन्ही बाजूंचे. एक चपटी व्हील कॅप. आणि डॉर्मोबाइलच्या सिंकवरचा हातपंप. पंपाचा तर फोटो चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून काढून पाठवला तरी चालेल. ज्यांच्याकडे काहीही असेल त्यांनी इथेच लिहा, मी रोज रात्री बघते. बेळगाव, सांगली, मिरज, गोवा, पुणे, कुठेही यायची तयारी आहे, शक्यतो रविवारी. मामा सोबत असतील.