देवळाच्या हॉलमध्ये सायकलवाल्यांचा मुक्काम : तुमचे अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात आमच्या पॅरिश हॉलमध्ये बावीस सायकलस्वार एका रात्रीसाठी उतरणार आहेत. कर्करोग झालेल्या मुलांसाठी निधी गोळा करत सुरतेहून गोव्याला चाललेत. आमचं गावठणातलं जुनं देऊळ (आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे मराठी ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो), संडास दोन, मोरी एक. असा मुक्काम कोणी दिला-घेतला असेल तर खरं काय ते लिहा. जेवणाचं सोडा, फुगे (आमचे तळलेले गोल पाव) आणि बाटली मसाल्याचं कालवण करायला आमच्या मावश्या आत्तापासूनच भांडतायत.

मी पाहुण्यांच्या बाजूने सांगतो. घोडबंदरचा चढ संपवून आलेल्या माणसाला गादी नको असते. बादलीभर पाणी हवं आणि सायकल नजरेसमोर हवी. आमच्यातला एक तर चाकात पाय अडकवून झोपला. फादरनी सायकली आत घेऊ दिल्या, देव त्यांचं भलं करो. पण रात्री आम्ही सगळ्यांनी चेनला तेल घातलं, आणि सकाळी एक आजोबा नव्या लाद्यांवरचे काळे डाग मोजत उभे! कान धरून, गुडघ्यावर बसून रॉकेलने पुसलं. तेव्हा आधीच पुठ्ठे अंथरा.

पुठ्ठे ठीक, पण आम्ही मुक्काम दिलेले सांगतो, पाण्याचं बघा. हे लोक नुसती अंघोळ करत नाहीत, कपडेही धुतात. आमची टाकी रात्री साडेनऊला खडखडीत, आणि सकाळी साडेसहाला मिस्सा (चर्चमधली उपासना). त्यात तो लेंटमधला (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला) शुक्रवार, म्हणून मटण बाद. आम्ही मोठ्या हौसेने बोंबील तळले. वीसपैकी अकरा जण शाकाहारी निघाले. वरणभात लावेपर्यंत सगळी केळी संपली होती.

त्यांच्यात कोणी परदेशी आहे का, ते आधी विचारा. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी दोघे होते. परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांच्या आत ऑनलाइन करायची असते (तेव्हा त्याला सी फॉर्म म्हणत) आणि ते चर्चलाही लागू आहे, हे मला रात्री अकराला कळलं. पासपोर्टचे फोटो काढायला झोपलेल्यांना उठवलं.

पुढचा रस्ताही समजावून सांगा. आमचे पाहुणे वांद्र्याहून पहाटे थेट सी लिंकवर गेले. तिथे सायकल चालत नाही, अटल सेतूवरही नाही. माहीम-दादरमार्गे फिरून भाऊच्या धक्क्यावर पोचेपर्यंत मांडव्याची पहिली रो-रो (गाड्या नेणारी बोट) सुटली होती.

कडू वाटेल, पण लिहिते. भावाच्या कर्करोगाच्या उपचारांच्या वेळी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आम्हाला आसरा दिला. त्याआधीच्या तीन रात्री परळच्या फूटपाथवर. ज्यांच्यासाठी सायकली मारतात, त्यांच्या आईबापांना तुमचा हॉल कधी उघडलात?

ताई, नाही उघडला. रविवारी पॅरिश कौन्सिलची बैठक आहे, तिथे हा विषय मीच काढते. टँकर सांगितलाय. पुठ्ठ्यांसाठी फ्रिजच्या दुकानात जाऊन आले, सहा मिळाले. अजून कोणाकडे आहेत?