मराठवाड्याच्या फँटसीत समुद्रदेव कशाला?

कोरडवाहू:
आमच्या पैठणच्या वाचनकट्ट्यावरचा एक पोरगा फँटसी कादंबरी लिहायलाय. त्यात पैलनाथ नावाचा समुद्रदेव आहे. माणूस मेला की भरतीच्या रात्री हा होडी घेऊन येतो आणि आत्म्याला पैलतीराला नेऊन सोडतो. पोराची भाषा झकास, पण गावं सगळी गोदाकाठची. मी तोंडावर सांगितलं, समुद्र काढून टाक. आपला मेलेला माणूस भरतीची वाट बघत नाही, आपण कावळ्याची बघतो.

वडिलांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, तर तासभर कावळा शिवेना. समोर लिंबावर बसलेला, पण खाली उतरंना. भटजी सारखं घड्याळ बघायलेले. शेवटी चुलते पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "दादा, धाकटीच्या लग्नाचं मी बघतो." तेव्हा उतरला. असलं घरचं सोडून त्रिशूळवाला, शेवाळी दाढीचा देव कशाला आणायचा? एखाद्या परदेशी गेममधून उचलल्यासारखा दिसतो.

तेरची बाहुली:
साफ असहमत. समुद्र आपला नाही हे कुणी ठरवलं? 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात पैठणही आहे आणि तगर, म्हणजे आमचं तेरही. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. औरंगाबाद लेण्यांतलं 7 नंबरचं लेणं बघा. अवलोकितेश्वर म्हणजे संकटातून सोडवणारा बोधिसत्त्व, त्याच्या दोन्ही अंगांना आठ संकटं कोरलीत, त्यात एक बुडती नाव आहे. समुद्र कुठल्या कुठं, तरी सहाव्या शतकात इथं कुणाच्या तरी जिवाला ती धास्ती होतीच ना?

कोरडवाहू:
लेणं पाहिलंय, ताई. तो जित्या माणसाला बुडण्यापासून वाचवतो. मेलेल्याला वाट दाखवतो कुठं? तुमचा दाखला माझ्याच पारड्यात पडला.

शब्दखोड:
ऋग्वेदाच्या 10.14 सूक्तात मेलेल्याला सांगितलंय, पूर्वज गेले त्या वाटेनं जा, तिथं यम आणि वरुण हे दोन राजे दिसतील. पुढं हाच वरुण समुद्राचा धनी झाला. म्हणजे पाण्याचा देव त्या वाटेवर आपल्याकडं केव्हाचा उभाय. वाट दाखवायचं काम मात्र त्याचं नाही, ते 10.17 मध्ये पूषन् नावाचा देव करतो. गरुडपुराणात तर वैतरणी, तीही दान दिलेल्या गाईच्या भरवशावर पार करायची. पोरानं वरुण आणि पूषन् दोघांची कामं एका देवाला दिली, त्यात बिघडलं काय?

त्रिशूळ तेवढा काढा. समुद्रदेवाच्या हातात तो ग्रीक पोसायडनचा, आणि पोसायडन मेलेल्यांना कुठंच नेत नाही. तिकडं ते हर्मीस देव आणि नावाडी केरॉन बघतात. केरॉनची नावही समुद्रात नाही, नदीत. (आमच्या घरात कुणी विचारत नाही म्हणून इथं सांगतो.)

लातूरची घागर:
2016 ला आमच्याकडं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं. देव कशानं येणार तेवढं सांगा, स्टेशनावर जातो.

बुडीत गावठाण:
आमचं जुनं गाव जायकवाडीत गेलं. धरणाचं उद्घाटन 1976 चं, पण त्याआधीच आजोबांनी कवाडं, तुळया बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणली. मसणवटा आणता येत नाही. पितरपाटात सगळ्या गल्लीचे घास पत्र्यावर कावळ्याला, आजीचा मात्र पाण्यात. काठाशी पदर खोचून बसायची, भाताचा मुटका हळूच सोडायची, जसं काही ताटात वाढायलीय. एकदा विचारलं, असं कामून? म्हणाली, "माझी सासू खाली हाय. कावळ्याला काय ठावं तिचं घर?"

त्या पाण्याला नाथसागर म्हणतात. सागर. ज्याला समुद्र दिसत नाही त्यानं उन्हाळ्यात काठावर येऊन उघडी पडलेली जोती बघावीत. मला पैलनाथ पहिल्या पानापासून पटला.

कोरडवाहू:
आजींपुढं मी काय बोलणार. राहू द्या देव.

पण मग ती नक्षीची होडी नको. मी नाथसागरावर भोई थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकताना बघितलेत, देवालाही तोच द्या. आणि भरतीची रात्र तर बदलाच. आपल्या सागराला भरती नाशिक-नगरची धरणं सोडली की येते. ते पाणी सोडवून घ्यायला पैलनाथाला आधी कोर्टात जावं लागेल.