मदत हवी आहे: एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना, कॉलेजच्या पोरांचं समाजसेवेचं काम) तासांची नोंद कशी ठेवता?
दादा-ताई, आमच्या परभणीकडच्या कॉलेजची एनएसएसची पोरं गावात नाला खोलीकरण, झाडं लावणं लई मनापासून करायलेत, पण तासांची नोंद काही नीट राहीना. वर्षाला 120 तास, दोन वर्षांचे 240, अन् वरून सात दिवसांचं शिबिर, ते सगळं कागदावर दिसायला पाहिजे ना. सध्या एकच वही फिरते, चिखलाच्या हातानंच सह्या होतात, कुणी नुसतं "सकाळपासून" लिहितं, मग त्याचे तास किती धरायचे? गुगल शीट करावी तर शिवारात रेंज नसते. पोरांचा एकही तास वाया जाऊ नये असं वाटतं. आल्या-गेल्याची वेळ, काम अन् सरांची सही एकाच पानावर बसेल असा तक्ता कुणाकडं असेल तर फोटो टाका, अन् जायला-यायला लागलेला वेळ तुम्ही धरता का तेही सांगा.