'कथांतली वेगळी कुटुंबं वेब सिरीजमुळे आली' म्हणणाऱ्यांना उत्तर

नौपाडेकर: काल इथे एकाने लिहिलं की हल्लीच्या कथांत बिनलग्नाची आई, दोन मैत्रिणींनी वाढवलेलं मूल असली कुटुंबं बळंच घुसडतात, ही वेब सिरीजची लागण. अहो, श्री. ना. पेंडशांची 'रथचक्र' कादंबरी १९६२ची. नवरा घर सोडून गेलेला, बाई एकटीने पोरांच्या शिक्षणासाठी झगडते. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' नाटकातली बिनलग्नाची गरोदर बेणारे १९६७ची. कर्णाला तर राधा-अधिरथाने वाढवला. तेव्हा कुठली सिरीज होती?

घोडबंदरवासी: ते मीच लिहिलं. बेणारेला अख्खं टोळकं कोर्टात उभं करून सोलतं, म्हणून ती खरी वाटते. आताच्या कथेत शेजारी समंजस, सासू समंजस, पोरगं वर्गात पहिलं. झळच नाही कुणाला!

ऐरोलीकर प्राची: झळ बघायचीय? मी, मावसबहीण आणि तिचा मुलगा. घोडबंदरला भाड्याने घर बघत होतो. ब्रोकर म्हणाला, "फक्त फॅमिलीला देतात." मग आम्ही कोण?

कमिटीवाला: ताई, मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. फॅमिली सांगून चार पोरं राहतात, रात्री दोनला दंगा, सकाळी तक्रारी आमच्या दारात. एनओसी देताना विचारावंच लागतं.

ऐरोलीकर प्राची: शाळेत जाणारं पोर घेऊन आम्ही दंगा घालणार? तुमच्यासारख्याच एका सेक्रेटरीने बहिणीला विचारलं, "मिस्टर कधी येणार?" पोरासमोर! लाज वाटायला हवी.

कमिटीवाला: मला लाज शिकवू नका. मी तो नव्हे.

नौपाडेकर: २०२२ मध्ये एका नर्सच्या प्रसूती रजेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आई-बाप-मुलं एवढंच कुटुंब नसतं. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग बापाचं. सोसायट्या कधी जाग्या होणार?

कमिटीवाला: कोर्ट येतं का रात्री दोनला? तरी पोरासमोर विचारायला नको होतं, एवढं मानतो. एवढंच.

घोडबंदरवासी: धागा कथांचा होता, भाडेकरूंचा नव्हे! बेणारे, कर्ण मान्य, लागण हा शब्द मागे घेतो. पण प्राचीताईंनी सांगितलं त्यातला ब्रोकर, तो सेक्रेटरी, तो प्रश्न मला एकाही नव्या कथेत भेटलेला नाही. लेखक ते का गाळतात?

ऐरोलीकर प्राची: कारण ते घरमालक असतात.

नौपाडेकर: सगळे नसतात, प्राची. मीही भाड्यानेच राहतो.