गौरी यायच्या आधीचा एक तास: तुमचे अनुभव सांगा

2024 ला गौरी मंगळवारी आल्या, 10 सप्टेंबरला. अनुराधा नक्षत्र रात्री आठपर्यंत होतं, म्हणून अर्धी रजा टाकून संध्याकाळी आणायच्या असं ठरलं. साडेतीनला घरी पोचते तोच नणंदेचा फोन. "वहिनी, आम्ही सगळे पाचपर्यंत येतोय गं." सगळे म्हणजे सात जण. घर ठाण्यातलं, वन बीएचके. गणपती बसल्यापासूनचा पसारा तसाच, आणि पावसामुळे हॉलमध्येच दोरीवर ओले कपडे.

एरवी पाहुणे येणार म्हटलं की सगळं उचलून बेडरूममध्ये टाकायचं आणि दार ओढून घ्यायचं. गौरीच्या दिवशी ती सोय नाही. आमच्याकडे गौर उंबऱ्यातून आत आली की तिला घरभर फिरवतात, खोल्या, कपाट, धान्याचे डबे दाखवतात. मागून सगळ्या बायका. बंद दार चालतच नाही.

ओले कपडे दोन बादल्यांत भरून बाथरूममध्ये नेले. पलंगावर जुनी चादर पसरून वह्या, खेळणी, चार्जर, सगळं तिच्यात टाकलं, गाठोडं बांधलं आणि दिवाणात सरकवलं. मग दारापासून बेडरूमपर्यंत पावलं उमटवायची तेवढाच पट्टा पुसला आणि पंखा पाचवर. लादी ओली असली की पीठ फिसकटतं. मुठीची कड तांदळाच्या पिठात बुडवून टेकवली की टाच आणि तळवा नीट उठायला हवा, मग वर बोटांचे पाच ठिपके. सासूबाईंनी पहिलं पाऊल काढलं आणि बेल वाजली.

तुमच्याकडे ऐन वेळी काय करता? अगदी बारीकसारीक लिहा.

—

कणकवलीजवळचं गाव, आम्ही मुंबईकर

आमचं घर वर्षभर बंद असतं. चतुर्थीच्या दोन दिवस आधी रात्री पोचतो. कुलूप काढून दार लोटलं की ओल्या मातीचा वास अंगावर येतो. पहिल्या वर्षी मी उत्साहाने थेट झाडू घेतला. माजघर लख्ख केलं आणि मग काकांनी काठीला फडकं बांधून कौलांखालची जळमटं काढली. सगळी घाण परत खाली. काकी एवढंच म्हणाली, "आधी वयर बघ, मगे खाली." तेव्हापासून तोच क्रम: वासे, भिंती, माटवी (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट) बांधायची जागा, शेवटी जमीन.

खरा प्रश्न गोधड्यांचा. अकरा माणसं झोपायची आणि पेटीतल्या गोधड्यांना कुबट वास. भाद्रपदात ऊन कुठलं मिळायला! चुलीपासून हातभर लांब दोरी बांधून एकेक गोधडी तासभर ऊबेवर ठेवतो. धुराचा वास लागतो, पण झोप लागते. पोरांना तर आता तोच वास गणपतीचा वाटतो.

—

नागपूर

आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी जेवायला माणसं असतात, सोळा भाज्या, पुरण, आंबील. त्यामुळे आवरणं म्हणजे जागा करणं. सोफा आणि टीपॉय शेजाऱ्यांकडे जातात, त्यांच्याकडे कार्य असलं की त्यांचे आमच्याकडे येतात. झाकपाक करत बसण्यापेक्षा वस्तू घराबाहेर काढली की निम्मं काम संपतं.

—

पुणे, भाड्याचा फ्लॅट

गाठोड्यावरून लिहितो, कारण मीही तेच केलं होतं आणि ते अंगाशी आलं. आई-बाबा गणपतीला येणार होते. त्यांना स्टेशनवरून घरी सोडलं, त्यांचं सामान लावलं, तेवढ्यात मित्र आरतीला येतो म्हणाले. मी हॉलमधलं दिसेल ते चादरीत बांधून माळ्यावर टाकलं. रात्री साडेदहाला बाबा म्हणाले, "अरे, माझ्या गोळ्या?" बीपीच्या गोळ्यांचा निळा डबा त्या गाठोड्यात. माळ्यावर तोवर मखराची खोकी चढलेली. अकरा वाजता स्टुलावर उभा राहून मी एकेक खोकं खाली देत होतो आणि बाबा खालून "राहू दे रे, सकाळी घेईन" म्हणत होते. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आता गोळ्या, चष्मे आणि किल्ल्या यांना हातच लावत नाही. दिसल्या तर दिसल्या.

—

सांगली, वय 67

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. चाळीस वर्षं मी गौरी आणल्या आणि त्यातली निदान वीस वर्षं पाहुण्यांना दार उघडलं ते ओल्या पदराने, केस तसेच बांधलेले. मैत्रिणी नटून आलेल्या, आणि हळदीकुंकू लावताना माझ्या हाताला फिनेलचा वास. त्याचं मला वाईट वाटायचं, अजूनही वाटतं. सून आली तेव्हा मी नियम केला: पाहुण्यांच्या वेळेआधी पंधरा मिनिटं हातातलं फडकं जिथे असेल तिथे ठेवायचं. उरलेली खोली मुलगा बघेल, नातू बघेल. सुनेने तोंड धुवायचं, साडी बदलायची, घोटभर चहा घ्यायचा. गेल्या वर्षी बेसिनमध्ये भांडी तशीच होती. गौर स्वयंपाकघरात गेली, तिने ती पाहिली, पुढे गेली. मुलाने नंतर घासली.

आणि ठाण्याच्या ताई, पावलांचा पट्टा आधी पुसून बाकीचं मागे ठेवलंत ते मला फार पटलं.

—

ठाणे, पुन्हा मीच

आजी, पंधरा मिनिटांचं घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. नवऱ्याने यंदा बेसिन स्वतःकडे घेतलंय. आणि पुण्याचा अनुभव वाचता वाचता उठले, सासऱ्यांचा गोळ्यांचा डबा टीपॉयवरून उचलून फ्रिजवर ठेवला आणि सगळ्यांना जागा दाखवून आले.