धाकटं आल्यापासून मोठी पुन्हा अंथरूण ओलं करतेय

बाळ १५ दिवसांचं, मोठी साडेतीन वर्षांची. रात्री कोरडी राहायला लागली होती आणि आता रोज चादर ओली, शिवाय मी बाळाला पाजायला घेतलं की नेमकी तेव्हाच येऊन माझ्या पाठीला चिकटते, फार वाईट वाटतं. काय करू?

> अगं कॉमन आहे हे, रागवू नकोस. नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं, तिला वाटणारच ना आई सारखी त्याच्याकडेच. पाजताना तिला शेजारी घे, गोष्टीच्या पुस्तकाची पानं तिलाच उलटू दे.

> माझ्या मुलाचंही असंच झालेलं. बाळ बाबाकडे देऊन रोज १५ मिनिटं फक्त त्याची, फोनपण लांब. हळूहळू थांबलं. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव.

> आणि दोघांना एकटं सोडू नकोस हं, प्रेमानेच पण जोरात आवळतात.